डेंटल असिस्टंटचा कोर्स कर्ज काढून करावा का?

प्रश्न : मुलगी अमेरिकेत असते. डेंटल असिस्टंटच्या सर्टिफिकेट कोर्ससाठी कर्ज काढायचं म्हणते. परवडेल?

उत्तर : कर्ज किती, यावर सगळं आहे. 2024 मध्ये तिथे या कामाचा मध्यक पगार वर्षाला सुमारे 47,300 डॉलर होता. नवख्यांना साधारणपणे त्याहून कमी मिळतो. अमेरिकी सरकारचा एक निकष मला पटतो : वर्षभराचे हप्ते कमाईच्या 8 टक्क्यांच्या आत हवेत. कमाई 32,000 डॉलर धरली, तर महिन्याचा हप्ता फार तर 213. खासगी संस्थेची फी भरण्याआधी कम्युनिटी कॉलेजात चौकशी कराच. ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या सरकारी संकेतस्थळावर अनेक कोर्सेसचं कर्ज आणि कमाई दिसते. शिवाय काही राज्यांत सर्टिफिकेटशिवायही दवाखान्यात कामावर घेऊन शिकवतात. तिच्या राज्याचा नियम आधी पाहा.