ठणकणारा कान

तालुक्याला ओपीडी सांभाळायला निघाला आहेस, तर कानाबद्दल एवढं ऐकून जा.

वाहणारे कान रोज येतील. कुणाला बुरशी, कुणाचा पडदा फुटलेला, कुणी काडी घालून खरवडलेला. बाहेरच्या कर्णनलिकेचा कॅन्सर वर्षाला दहा लाखांत एखाद्याला होतो, म्हणून तो मनातच येत नाही आणि ड्रॉप्स बदलण्यात महिने जातात. कान वाहतोय, रात्री झोप लागत नाही इतका ठणकतोय, बोळ्याला रक्त लागतंय आणि नळीत लालसर मांस वाढलंय, असं दिसलं की आणखी एक बाटली लिहू नकोस. तुकडा तपासायला पाठव.

तो मायक्रोस्कोपखाली घे आणि वरवरचा घेऊ नकोस. वर नुसती सूज असते. तेवढीच गेली तर रिपोर्ट ‘जुनाट दाह’ येतो आणि सगळे निर्धास्त होतात. शंका फिटली नसेल तर पुन्हा घे, खोलवरून. मात्र मांस हिसकून काढू नकोस, खाली चेहऱ्याची नस उघडी असू शकते. वयस्क मधुमेही पेशंटमध्ये स्यूडोमोनासचा हाडापर्यंत गेलेला संसर्ग हुबेहूब असाच दिसतो. पण साखर वाढलेली आहे म्हणून संसर्गच, असं धरून चालू नकोस; पू कल्चरला पाठव आणि तुकडाही पाठव.

कानापुढची पॅरोटिड आणि मान चाचपून बघच. नळीच्या पुढच्या कूर्चेत फटी असतात, त्यांतून गाठ पॅरोटिडमध्ये उतरते. डोळे घट्ट मिटायला आणि दात दाखवायला सांग. चेहरा वाकडा झाला असेल तर आजार बराच पुढे गेला आहे.

हाडासाठी सीटी, मऊ भागासाठी एमआरआय. गाठ नळीपुरती असेल तर पडद्यासकट अख्खी नळी एकसंध काढतात; आजार पुढचा असला तर नंतर रेडिएशन. हे काम तालुक्याचं नाही. पहिलंच ऑपरेशन अर्धवट झालं तर पेशंटचं फार नुकसान होतं, म्हणून परळच्या टाटासारख्या ठिकाणी धाड. ॲडिनॉइड सिस्टिक प्रकारचा रिपोर्ट आला तर पाच वर्षांनी सुटका झाली असं सांगू नकोस. तो नसांच्या कडेने सरकतो आणि कित्येक वर्षांनी फुप्फुसात दिसतो.

पाठवताना कान कधीपासून वाहतोय, तुकडा नेमका कुठून घेतला हे चिठ्ठीत लिही, आणि स्लाइड व ब्लॉक पेशंटबरोबर दे.