पाणलोटाचा आकार आणि आपल्या नदीचा पूर



कन्हानकाठच्या वावरात पाणी शिरते ते पुष्कळदा आपल्या डोक्यावरच्या पावसाने नव्हे, तर छिंदवाड्याकडच्या डोंगरातल्या पावसाने. म्हणून नदीला जिथून जिथून पाणी मिळते ते पाणलोट क्षेत्र कसे आहे, हे पाहिले पाहिजे.

एका एकरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे चार लाख लिटर पाणी होते. क्षेत्र चिंचेच्या शेंगेसारखे लांबट असेल तर खालच्या नाल्यांचे पाणी आधी निघून जाते, वरचे मागाहून येते. पूर बेताचा, पण जास्त वेळ टिकतो. क्षेत्र पळसाच्या पानासारखे गोल असेल, तर पानाच्या शिरा देठाशी मिळाव्यात तसे सगळे पाणी एकदमच येते. कामठी तालुक्यात बिना संगमावर कन्हान, पेंच आणि कोलार मिळतात. तिघींचे लोंढे पुढेमागे आले तर निभते, एकत्र आले तर नदी काठ सोडते. पेंचवर तोतलाडोह धरण आहे खरे, पण भरलेले धरण पाणी सोडणारच. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस हेच झाले.

दुसरी गोष्ट उताराची. डोंगरात सेकंदाला 2 मीटर धावणारे पाणी तासात सात किलोमीटर येते. सपाटीवर वेग निम्मा झाला, की मागचे पाणी पुढच्यावर चढते आणि आडवे पसरते. सातपुड्यातून मुलताईकडून उतरणाऱ्या वर्धा नदीने 30 जुलै 1991 रोजी नरखेड तालुक्यातल्या मोवाडात 204 माणसे नेली.

आपली काळी जमीन जूनमध्ये भेगांतून पाणी पिते. एकदा फुगली की घेत नाही. म्हणून तोच पाऊस ऑगस्टात जास्त पूर आणतो.

काठच्या गाळात ऊस लावू नका, असे मी म्हणणार नाही. कपाशीपेक्षा ऊस पाणी जास्त सोसतो. मात्र शेंडा बुडून राहिला की कोंब सडतो. नदी फुगली की नाला तुंबतो आणि पाणी वावरात मागून शिरते, तेव्हा लागण करताना नाल्याकडची बाजू आधी बघा. पूर ओसरल्यावर साचलेले पाणी निघावे म्हणून चराचे तोंड मृगाआधी मोकळे करा. धुऱ्यावरच्या झाडावर मागच्या पुराची खूण करून ठेवा. वर जोराचा पाऊस असल्याचे कळताच काठावरची मोटर त्या खुणेच्या वर आणा, रात्र असली तरी.

— ऊस विकास अधिकारी