एडीएचडी असलेल्या उद्योजकाने स्वतःला कसं ओळखायचं? १४ दिवसांची वही



धंद्याचा हिशेब आपण ठेवतो. आज स्वतःच्या लक्षाचा हिशेब ठेवायला शिकूया.

समजा, तुमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. नव्या पाकिटाचं लेबल करायला बसलात की रात्रीचे दोन कधी वाजतात, कळत नाही. पण दुकानदाराला पाठवायचं दहा मिनिटांचं बिल तीन आठवडे पडून आहे. माल गेला, पैसे आले नाहीत, आणि घरचे म्हणतात, "किती हा आळस!" आता सांगा, आळशी माणूस रात्री दोनपर्यंत काम करेल का?

एडीएचडी म्हणजे नेमकं काय?

ही मेंदूच्या वाढीशी संबंधित स्थिती आहे. यात लक्ष असतं, पण ते हवं तिथे वळवणं आणि टिकवणं अवघड जातं. आवडीच्या कामात माणूस बुडून जातो, कंटाळवाणं काम सुरूच होत नाही. वेळेचा अंदाजही चुकतो.

अधूनमधून विसरायला होतं म्हणून स्वतःला लेबल लावू नका. २०१३ च्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेनुसार १७ वर्षांवरील व्यक्तीत लक्ष न लागण्याच्या किंवा अतिचंचलतेच्या ९ लक्षणांपैकी किमान ५ लक्षणं, किमान ६ महिने दिसावी लागतात. त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधीपासून हवीत, आणि घर, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. अपुरी झोप, चिंता, थायरॉइड यामुळेही असंच वाटू शकतं. म्हणून निदान मानसोपचारतज्ज्ञांकडूनच करून घ्या. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा.

वही कशाला?

दिवस कसा गेला हे रात्री नीट आठवत नाही, उरते ती फक्त अपराधी भावना. त्या भावनेवरून स्वतःची ओळख होत नाही. म्हणून १४ दिवस फक्त नोंद करा, स्वतःला सुधारायला जाऊ नका.

१. अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ: काम सुरू करण्याआधी अंदाज लिहा, संपल्यावर खरा वेळ. २० मिनिटांच्या कामाला रोज ५० मिनिटं लागत असतील, तर यापुढे ग्राहकाला तारीख देताना अडीचपट वेळ धरा.

२. काम कुठे सुटलं: हातातलं काम सोडलं की एक ओळ लिहा. फोन वाजला? कंटाळा आला? की पुढची पायरीच स्पष्ट नव्हती? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

३. नव्या कल्पना: सुचलेली कल्पना शेवटच्या पानावर तारखेसह लिहा. सात दिवस त्यावर एक रुपयाही खर्च करू नका. आठव्या दिवशीही ती तितकीच चांगली वाटली, तर विचार करा.

४. दुसऱ्याची नजर: जोडीदाराला किंवा जुन्या कामगाराला विचारा, "माझ्याकडून नेहमी काय राहून जातं?" उत्तर मिळालं की वाद घालू नका. लिहून घ्या.

वहीतून निर्णय

१५ व्या दिवशी वही वाचा. जे काम पुन्हा पुन्हा सुटलंय, त्यासाठी "उद्यापासून नक्की" अशी शपथ घेऊ नका, व्यवस्था लावा. बिलाचं काम सुटत असेल, तर बिल तयार झाल्याशिवाय माल गाडीत चढवायचा नाही, हा नियम करा. जीएसटी रिटर्न उशिरा गेलं तर दर दिवसाप्रमाणे विलंब शुल्क लागतं. ते काम नेहमी राहत असेल, तर अकाउंटंटसोबत दर महिन्याचा एक दिवस पक्का करा आणि शेजारी बसून संपवा. सोबत कोणी असलं की अनेकांचं रखडलेलं काम पुढे सरकतं.

आणि वहीत जिथे तुमचं काम झपाट्याने झालेलं दिसेल, तेही बघा. चव ठरवणं, ग्राहकाशी बोलणं, नवा माल काढणं, जे असेल ते. दिवसातला सगळ्यात चांगला वेळ त्यालाच द्या.

आज दुकान बंद करताना एक साधी वही विकत घ्या. पहिली ओळ उद्या सकाळच्या पहिल्या कामाची: अंदाज किती, वेळ किती. भेटूया पुढच्या व्हिडिओत!