कुत्र्यावरील गोचीड आणि त्यांचा बंदोबस्त

माणसाच्या सहवासात राहणाऱ्या कुत्र्याला जे बाह्य परजीवी छळतात, त्यांत पिसवा, उवा आणि गोचीड हे प्रमुख होत. यांपैकी पिसवा व उवा यांचा उपद्रव बव्हंशी त्वचेपुरता मर्यादित राहतो. गोचिडाची गोष्ट निराळी आहे. तो रक्त शोषतो हे खरे. परंतु त्या रक्ताच्या मोबदल्यात तो जे रोगजंतू कुत्र्याच्या शरीरात सोडतो, ते अधिक घातक असतात. आपल्या देशात ऐन तारुण्यातील, चांगली निगा राखलेली कुत्री ज्या कारणांनी दगावतात, त्यांत गोचिडांमुळे होणाऱ्या ज्वरांचा वाटा मोठा आहे. यातील बरेच मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. ते टळत नाहीत याचे मुख्य कारण म्हणजे आपण शत्रूला चुकीच्या जागी शोधतो. गोचीड कुत्र्यावर दिसतो, म्हणून त्याचे घर कुत्र्यावरच आहे असे आपण समजून चालतो. वस्तुतः त्याचे घर आपल्याच घराच्या भिंतीत असते.

गोचीड हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ. कोळी आणि विंचू ही त्याची भावंडे होत. भारतातील घरगुती कुत्र्यांवर सर्वत्र आढळणारी जात म्हणजे तपकिरी श्वान-गोचीड. 1806 मध्ये लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिला दिलेल्या जातिनामाला अनुसरून ती आजवर ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस या नावाने ओळखली गेली. उष्ण प्रदेशातील गोचीड ही एक वेगळीच जात असल्याचे अलीकडच्या संशोधनातून दिसून आले असून, तिला ऱ्हिपिसेफॅलस लिन्नेई असे म्हणू लागले आहेत. वाचकाने नावाच्या या वादात शिरण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, गुरांवरचे गोचीड गोठ्यात आणि कुरणात वाढतात, रानातले गोचीड पाचोळ्यात वाढतात. हा मात्र पक्क्या बांधणीच्या घरात, विजेच्या दिव्याखाली, आपली सारी हयात काढू शकतो.

त्याचा जीवनक्रम एकदा नीट समजून घेतला की पुढील उपाययोजना आपोआप उलगडते. रक्ताने टम्म फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते. उपाशी असताना जेमतेम तीन मिलिमीटर असलेला हा जीव आता एक सेंटिमीटरहून मोठा, करड्या रंगाचा, एरंडाच्या बीसारखा दिसू लागलेला असतो. खाली पडल्यावर ती आडोसा शोधू लागते, आणि तिची ओढ वरच्या दिशेला असते. भिंतीवरून चढत जाऊन ती फरशीच्या पट्टीमागे, चौकटीच्या फटीत, तसबिरीच्या किंवा दिनदर्शिकेच्या मागे, पडद्याच्या शिवणीत, कधी थेट छताच्या भेगेत जाऊन बसते. तेथे ती अंडी घालते आणि मरते. अंड्यांची संख्या शेकड्यांत नव्हे, हजारांत मोजावी लागते. एका मादीपासून चार हजार अंडी निघणे ही विशेष गोष्ट नव्हे. दोन-तीन आठवड्यांत, थंडीत त्याहून उशिरा, त्यांतून सहा पायांचे डिंभ बाहेर पडतात. ते मोहरीच्या दाण्याहूनही लहान असल्यामुळे सहसा कोणाच्या नजरेस येत नाहीत.

डिंभ कुत्र्यावर चढतो, काही दिवस रक्त पितो, आणि पुन्हा खाली उतरून फटीत जातो. तेथे कात टाकून तो आठ पायांचा बाल-गोचीड होतो. बाल-गोचीड पुन्हा कुत्र्यावर येतो, पुन्हा उतरतो, पुन्हा कात टाकतो आणि प्रौढ होऊन तिसऱ्यांदा चढतो. म्हणजे एका आयुष्यात तीन वेळा कुत्र्यावर मुक्काम, आणि प्रत्येक मुक्काम काही दिवसांचा. उरलेला सगळा काळ भिंतीत. ऊब व दमटपणा असेल तर हे चक्र सुमारे दोन महिन्यांत पुरे होते. पावसाळ्यात गोचिडांचा अकस्मात सुळसुळाट झाला असे आपल्याला वाटते. त्याची तयारी बहुधा उन्हाळ्यातच भिंतीआड झालेली असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भक्ष्य न मिळाल्यास प्रौढ गोचीड एका वर्षाहूनही अधिक काळ उपाशी जगू शकतो. त्याच्या पुढच्या पायांच्या टोकाशी सूक्ष्म खळगे असतात. त्यांतील ज्ञानेंद्रियांनी त्याला श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड व शरीराची ऊब जाणवते. तोवर तो निपचित पडून राहतो. घरात गोचीड झाले म्हणून वैतागून कुत्रा दुसऱ्याला देऊन टाकणारी किंवा, दुर्दैवाने, त्याला दूर नेऊन सोडून येणारी कुटुंबे आढळतात. त्यांनी समजून असावे की कुत्रा गेला तरी गोचीड जात नाहीत. क्वचित ते माणसांनाही चावतात, आणि सहा महिन्यांनी घरात दुसरे पिल्लू आले की त्याच्यावर तुटून पडतात. योग्य औषध दिलेला कुत्रा घरातच असणे अधिक हिताचे, कारण भिंतीतले गोचीड एकामागून एक त्याच्याकडे येतात आणि मरतात. घर स्वच्छ करण्याचे निम्मे काम तोच करतो.

गोचिडांमुळे होणारे रोग

या विषयाच्या अभ्यासात भारतातील संशोधनाला मानाचे स्थान आहे. 1905 मध्ये जेम्स या लष्करी वैद्यकाने आसामातील कुत्र्यांच्या पांढऱ्या रक्तपेशींत एक परजीवी पाहिला. तो आज हेपॅटोझून कॅनिस या नावाने ओळखला जातो. त्यानंतर लवकरच ख्रिस्टोफर्स यांनी या परजीवीची गोचिडातील वाढ दाखवून दिली, आणि 1907 मध्ये कुत्र्याच्या तांबड्या पेशींतील पायरोप्लाझ्माचा गोचिडातील जीवनक्रमही प्रसिद्ध केला. 1910 मध्ये पॅटन यांनी मद्रासकडील शिकारी कुत्र्यांत आणि कोल्ह्यांत आणखी एक जाती शोधली. आज तिला बॅबेसिया गिब्सनाय म्हणतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलेला हा परजीवी आजही पशुवैद्यांना जेरीस आणतो. बॅबेसियाच्या दुसऱ्या जातीवर जी इंजेक्शने गुणकारी ठरतात, ती याच्यावर पुरेशी लागू पडत नाहीत. कुत्रा बरा झाल्यासारखा दिसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा आजारी पडतो.

बॅबेसिया तांबड्या पेशी फोडतो. ताप येतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद, कधी चहाच्या रंगाची होते, आणि नेहमी दारापर्यंत धावत येणारा कुत्रा जागेवरूनच शेपूट हलवतो. हेपॅटोझूनची रीत चमत्कारिक आहे: त्याची लागण चाव्याने होत नाही. खाजणाऱ्या जागी दात लावताना कुत्रा गोचीडच गिळून टाकतो, आणि परजीवी पोटातून शरीरात शिरतो.

तिसरा रोग एर्लिकिया कॅनिस या जंतूचा. 1935 मध्ये तो अल्जीरियात प्रथम ओळखला गेला. परंतु त्याचे खरे उग्र रूप जगापुढे आले ते 1960 नंतरच्या दशकात, व्हिएतनाममधील अमेरिकी सैन्याची जर्मन शेफर्ड कुत्री मोठ्या संख्येने मरू लागली तेव्हा. नाकातून रक्त वाहू लागे आणि ते थांबत नसे. जर्मन शेफर्डमध्ये हा रोग विशेष तीव्र होतो, आणि आपल्याकडे ही जात आवडीने पाळली जाते.

एर्लिकिया फसवा आहे. लागण झाल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, भूक मंदावते, डोळ्यांतून पाणी येते, मग सारे आपोआप निवळते. पुढे कित्येक महिने, कधी वर्षेसुद्धा कुत्रा निरोगी दिसतो. त्यानंतर एखाद्या दिवशी पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उठतात किंवा नाकातून रक्त येते. तोवर अस्थिमज्जेने काम सोडलेले असते आणि उपचारांना फारसे यश येत नाही. सुरुवातीलाच डॉक्सिसायक्लिन दिले, तर बहुतेक कुत्री सुधारतात. हे औषध साधारणपणे चार आठवडे द्यावे लागते. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि आठवड्यात गोळ्या बंद होतात, हा अनुभव पशुवैद्यांच्या नित्याचा आहे. रोग मात्र तेवढ्याने बंद होत नाही.

म्हणून अंगावर गोचीड सापडल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत कुत्र्याला ताप आला, तर पशुवैद्याकडे जाण्यास एक दिवसही लावू नये आणि गोचिडाची हकिगत त्याला आवर्जून सांगावी. काचपट्टीवर घेतलेल्या रक्तात जंतू दिसला नाही, म्हणजे रोग नाही असे ठरत नाही. एर्लिकिया तेथे क्वचितच सापडतो. रक्तबिंबिकांची संख्या घटलेली आढळल्यास संशय बळावतो.

या जंतूंचा माणसाशी संबंध किती, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. श्वान-गोचिडामार्फत माणसाला काही प्रकारचे टिक टायफस ज्वर होऊ शकतात. म्हणून गोचीड नखांनी चिरडण्याची सवय मुलांना लागू देऊ नये. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात उद्भवलेला आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गात पोहोचलेला क्यासनूर वनज्वर, ज्याला लोक माकडताप म्हणतात, त्याचे गोचीड मात्र वेगळे. ते रानातले; घरातल्या कुत्र्याला त्यासाठी दोष देण्याचे कारण नाही.

उपाय

अंगावर दिसणारा गोचीड प्रथम काढावा. त्याच्या सोंडेवर मागे वळलेले काटे असतात आणि भोवती तो सिमेंटसारखा चिकट पदार्थ सोडतो. 'गोचिडासारखा चिकटला' हा वाक्प्रचार उगाच रूढ झालेला नाही. बारीक टोकाच्या चिमट्याने त्याला शक्य तितके कातडीलगत पकडावे आणि न पिळता सावकाश सरळ ओढावे. रॉकेल, गरम तेल, पेटती काडी वा उदबत्ती यांचा प्रयोग करू नये. त्याने कुत्रा भाजतो, आणि त्रासलेला गोचीड आपली लाळ जखमेत अधिकच ओततो. काढलेला गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकावा. बोटांच्या बेचक्या, कानांच्या पाळ्यांची आतली बाजू, गळपट्ट्याखालची मान आणि शेपटीचे मूळ या जागा रोज पाहाव्यात. मात्र एवढ्यावर विसंबू नये. एर्लिकियाची लागण चावल्यानंतर काही तासांतच होऊ शकते, त्यामुळे संध्याकाळची तपासणी पुष्कळदा उशिराची ठरते.

यासाठी औषधाचा आधार घ्यावाच लागतो. जुन्या पिढीतील लोक अजून गॅमेक्सिनच्या भुकटीची आठवण काढतात. तिच्यातील बी.एच.सी. या द्रव्यावर भारतात 1997 मध्ये बंदी आली, आणि ते योग्यच झाले. अमिट्राझचे द्रावण स्वस्त व परिणामकारक आहे, पण ते लेबलावरील प्रमाणातच, ताजे करून वापरावे. लहान पिलांना व मधुमेही कुत्र्यांना ते लावू नये, आणि अंग वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नये. पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांना, विशेषतः डेल्टामेथ्रिनला, अनेक ठिकाणचे गोचीड आता दाद देत नाहीत. त्यांतील पर्मेथ्रिन मांजरांना प्राणघातक असल्याने, घरात मांजर असेल तर ते टाळणेच बरे. फिप्रोनिलचे थेंब मानेवर घालतात. त्याच्या आधीच्या व नंतरच्या दोन दिवसांत अंघोळ घालू नये. 2013 नंतर आलेल्या आयसॉक्साझोलिन वर्गातील चघळण्याच्या गोळ्यांनी, म्हणजे फ्लुरालनेर, अफॉक्सोलनेर इत्यादींनी, या कामात मोठा पालट घडवला आहे. त्यांचा प्रभाव काहींचा एक महिना, तर फ्लुरालनेरचा सुमारे तीन महिने टिकतो. फेफरे येणाऱ्या कुत्र्याला त्या देताना सावधगिरी हवी. किंमत अधिक आहे, हे मान्य. पण रोगावरील एका महिन्याच्या उपचाराचा खर्च तिच्याशी ताडून पाहावा. गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कोणाच्या सांगण्यावरून कुत्र्याला कदापि देऊ नये. कोली व तत्सम जातींत आनुवंशिक दोषामुळे ते मेंदूत शिरते आणि जीव घेते.

आता भिंती. फटी व भेगा सिमेंटने किंवा लांबीने बुजवाव्यात आणि चुन्याचा हात द्यावा. कुत्र्याचे अंथरूण उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. जुनी गोणपाटे धुण्यापेक्षा जाळलेली बरी. सुतळीने विणलेली खाट हे गोचिडाचे आवडते वसतिस्थान होय. औषधाची फवारणी करताना माणसे, कुत्री, मांजरे व पक्षी बाहेर न्यावेत आणि माशांची टाकी झाकावी. फवारा जमिनीपेक्षा भिंतीच्या वरच्या भागाकडे, चौकटींकडे आणि छताच्या कडांकडे अधिक द्यावा. अंड्यांवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने फवारणी पुन्हा करावी लागते, आणि कुत्र्याचे औषध किमान चार-सहा महिने खंड न पाडता चालू ठेवावे लागते. पहिल्या महिन्यात अंगावर नवे गोचीड दिसतच राहतात. औषध निकामी आहे असे समजून याच टप्प्यावर पुष्कळ लोक ते सोडतात. प्रत्यक्षात भिंतीतला जुना साठा बाहेर पडत असतो.

शहरांतील सदनिकांत आणखी एक अडचण येते. जिन्याखाली झोपणारी, साऱ्या इमारतीच्या ओळखीची कुत्री औषधाविना राहिली, तर एका घराने केलेला खर्च वाया जातो. त्यांना हाकलून लावण्याने काही साधत नाही, कारण त्यांची जागा दुसरी कुत्री घेतात. रहिवाशांनी वर्गणी काढून दर तीन महिन्यांनी त्यांनाही गोळी खाऊ घालणे, हा उपाय पोळीच्या तुकड्यात गोळी लपवण्याइतका सोपा आहे.