तलंगा अंड्यावर येण्याची वाट पाहताना

काही वर्षांपूर्वी आषाढात आमच्या घरी एक तलंग कापली. सात महिने झाले तरी एक अंडे नाही, म्हणजे वांझच असणार, असे ठरवून ती निवडली होती. पोट उघडले तर आत पिवळ्या बलकांची माळ निघाली. एक लहान लिंबाएवढा, त्याच्या मागे बोराएवढा, मग हरभऱ्याएवढा आणि मोहरीएवढे तर मोजता न येणारे. पहिले अंडे दोन-चार दिवसांवर आले होते. कोंबड्या आईच्या होत्या. तिला ही गोष्ट बरेच दिवस लागून राहिली.

अंबाजोगाई तालुक्यात ही चूक घरोघरी होते आणि तिला कारण आहे. पौष-माघात निघालेली पिल्ले आषाढात सहा महिन्यांची होतात. आखाडामुळे नेमके त्याच महिन्यात कोंबडीला गिऱ्हाईक दारात येते. सहा महिने दाणा खाल्लेला, अंडे नाही, आणि समोर रोख पैसे. अशा वेळी तलंग विकली जाते. ज्या दिवसापासून ती घरच्या बाईच्या हातात मिठामिरचीचे पैसे देणार, त्याच्या आदल्या पंधरवड्यात ती घरातून जाते. म्हणून विकण्यापूर्वी तलंग हातात धरून पाहावी, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.

वय आणि जात

पहिली गफलत वय मोजण्यात होते. सुधारित जातीची पिल्ले कधी एक दिवसाची, तर कधी तीन-चार आठवडे वाढवलेली मिळतात. आपण मात्र घरी आणल्या दिवसापासून मोजतो. पिल्ले अंड्यातून निघाल्याची तारीख विचारून घ्यावी व घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

दुसरी गफलत तुलनेची. फार्मवरची पांढरी लेगहॉर्न साधारण 20 आठवड्यांत अंडी देऊ लागते. परसातली गावरान तलंग 6 ते 7 महिने घेते, कधी त्याहूनही जास्त. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेली ग्रामप्रिया साधारण साडेपाच महिन्यांत, तर वनराज सहा महिन्यांच्या आसपास अंड्यावर येते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरीराज या दोघींच्या मध्ये बसते. वनराज व गिरीराज या अंगाने भरणाऱ्या जाती आहेत. त्यांना भरपूर दाणा टाकला की चरबी चढते आणि अंडे लांबते. वनराजचे वजन सहा महिन्यांस सव्वादोन ते अडीच किलोंच्या पुढे जाऊ देऊ नये. गावरान तलंग मात्र किलोच्या आत असेल तर ती अजून लहानच समजावी, तिचे वय काहीही असो.

हातात धरून पाहावे

तलंग अंड्यावर येऊ लागली की तुरा आधी बोलतो. फिकट, आखडलेला तुरा मोठा व लालभडक होतो, गळ्याखालच्या पाळ्याही भरतात. ती खुराड्याचे कोपरे, गव्हाण, टोपल्या हुंगत फिरते. पाठीवर हात ठेवला की पूर्वी पळणारी तलंग पंख किंचित पसरून खाली बसते. ही खूण दिसली की अंडे बहुधा आठ-पंधरा दिवसांत मिळते.

यानंतर बोटांची परीक्षा करावी. संध्याकाळी तलंगी खुराड्यात बसल्या की एकेक काढून डाव्या हातावर घ्यावी. गुदद्वाराच्या दोन बाजूंना दोन बारीक हाडांची टोके हाताला लागतात. त्यांमध्ये एकच बोट जेमतेम मावत असेल, तर ती अजून कच्ची आहे. दोन बोटे मावली तर अंडे जवळ आले. या टोकांपासून छातीच्या हाडापर्यंतचे पोट मऊ असावे व तेथे तीन बोटे बसावीत. पोट कडक व चरबीने जड लागले तर दाणा कमी करावा. गुदद्वार कोरडे, लहान व गोल असेल तर थांबावे. ओलसर, रुंद व आडवे झाले असेल तर ती तलंग कोणत्याही भावात विकू नये.

उजेडाचा हिशेब

मी पीकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा भाग मला विशेष वाटतो. तूर आणि आपल्याकडचे सोयाबीन दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते. कोंबडीचे याच्या अगदी उलट आहे. डोळ्यांतून आणि कवटीतून मेंदूपर्यंत पोचणारा उजेड वाढू लागला की तिच्या अंडाशयाला चालना मिळते. आपल्या भागात ज्येष्ठ-आषाढात दिवस सव्वातेरा तासांपर्यंत जातो आणि मार्गशीर्ष-पौषात अकरा तासांवर येतो. जून-जुलैत निघालेली पिल्ले दिवस लहान होत असताना वाढतात आणि ऐन डिसेंबरात सहा महिन्यांची होतात. त्यांनी फेब्रुवारीपर्यंत वाट पाहायला लावली तर त्यात दोष तलंगीचा नाही.

ज्यांना घाई असेल त्यांनी खुराड्यात पिवळसर उजेडाचा 5 वॅटचा एलईडी दिवा लावावा. जेमतेम अक्षर वाचता येईल एवढा उजेड पुरे. पहाटे 4 पासून उजाडेपर्यंत दिवा चालू ठेवल्यास एकूण उजेड सुमारे 14 तास भरतो. मात्र पाच महिन्यांच्या आतल्या पिल्लांना असा उजेड देऊ नये, आणि एकदा सुरू केला की मध्येच बंद करू नये. वीज भरवशाची नसेल तर या वाटेला न गेलेले बरे.

खाद्य

नुसत्या ज्वारीवर तलंग जगते, पण अंड्यावर येत नाही. ज्वारीत प्रथिने 10 टक्क्यांच्या आसपास असतात, तलंगीला 16 टक्के लागतात. भरडलेली ज्वारी किंवा मका 65 भाग, सोयाबीनची पेंड 15, तुरीची चुणी 17, खनिज मिश्रण अडीच व मीठ अर्धा भाग असे घरगुती मिश्रण चालते. मोकळ्या फिरणाऱ्या तलंगीला संध्याकाळी 40 ते 50 ग्रॅम द्यावे, बाकीचे ती उकिरड्यावर मिळवते. मळणीनंतर सांडलेले कच्चे सोयाबीन झाडून कोंबड्यांपुढे टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडावी. कच्च्या सोयाबीनमधील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. चांगले भाजून भरडल्याशिवाय ते देऊ नये. बुरशी आलेला मका व शेंगदाणा पेंडही टाळावी.

अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जाते. तुरे लाल होऊ लागले की शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, खाद्यात मिसळू नये. लहान वयात जादा चुना मूत्रपिंडाला बाधतो. वाटी वेगळी असली की ज्या तलंगीला हवा तीच खाते.

चार महिन्यांच्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून जंताचे औषध पाजावे. मानमोडीची आर-टू-बी लस अंडी सुरू होण्यापूर्वीच टोचून घ्यावी, कारण अंड्यावरच्या कोंबडीला ती दिल्यास अंडी घटतात.

अंडे आहे, पण दिसत नाही

कधी तलंग अंडी देत असते आणि आपण वाट पाहत असतो. तुऱ्हाट्यांचा ढीग, कडब्याची गंज, गव्हाणीचा कोपरा ही तिची आवडती ठिकाणे. मुंगूस आणि साप त्यांवर आपल्या आधी पोचतात. बहुतेक अंडी सकाळी पडतात, म्हणून तलंगी दहा-पंधरा दिवस सकाळी 11 पर्यंत कोंडून ठेवाव्यात. दर चार-पाच तलंगींमागे एक घमेले किंवा जुनी पाटी, त्यात भुसा आणि एक पांढरा गुळगुळीत गोटा, अशी सोय अंधाऱ्या कोपऱ्यात करावी. गोटा पाहून तलंग तेथेच बसते.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण वेगळी आहे. दसरा-दिवाळीनंतर ट्रकमधून कोंबड्या फडावर जातात आणि चैत्राच्या सुमारास परत येतात. जागा, पाणी व सोबत बदलली की लाल झालेला तुराही पुन्हा फिका पडतो. अंड्यावर आलेल्या तलंगी शक्यतो गावात थांबणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे ठेवाव्यात. न्यायच्याच असतील तर चार महिन्यांच्या आतल्या न्याव्यात, त्या नव्या जागी रुळतात.

पहिली अंडी लहान असतात, एखादे मऊ कवचाचे किंवा दोन बलकांचेही निघते. घाबरू नये. मात्र ही अंडी खुडूक कोंबडीखाली बसवू नयेत, त्यांतून पिल्ले दुबळी निघतात. दीड-दोन महिन्यांनी अंड्याचा आकार स्थिरावला की मग उबवणीसाठी निवड करावी. तोपर्यंतची अंडी घरात मुलांना खाऊ घालावीत किंवा विकावीत.