धंद्यात काळीज दगडाचे लागते काय?



दिवाळीनंतर कामानिमित्त मुंबईस जाणे झाले. आपल्या एका सभासदाचा मुलगा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लेथचे वर्कशॉप चालवतो. चहा घेताना तो म्हणाला, "साहेब, धंद्यात काळीज दगडाचे लागते. मोठी पार्टी माझे पैसे चार-चार महिने अडकवते, मग मी लोखंडवाल्याला थांबवतो. सगळ्यात शेवटी पोरांचा पगार." मी विचारले, "आणि गावाकडे दादांचे ऊसबिल असेच लांबले तर?" तेव्हा मात्र गडी तावातावाने बोलू लागला!

दुसऱ्याने अडवले तर अन्याय, आपण अडवले तर हुशारी. कायद्याने ही हुशारी केव्हाच ओळखली आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचे. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. लहान कारखानदारांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यात जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत, पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्या पोराला हे ठाऊक होते. "पण तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देणार?" हा त्याचा सवाल, आणि तो काही खोटा नाही.

तरी मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते. त्यांचा लोखंडी नांगर आपल्या आजोबा-पणजोबांनी हाकला. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी तेव्हा समजूत, त्यामुळे पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या माळावर लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीचे पहारेकरी नेमले. दगडाच्या काळजाचा माणूस हे करता ना. म्हणून त्यांनी नांगर फुकट वाटले असेही नाही. व्यवहार व्यवहाराच्या जागी होता.

कडकपणा वेगळा, निर्दयपणा वेगळा. कडकपणा सर्वांना सारखा लागतो. निर्दयपणा नेमका दुबळ्याच्या वाट्याला येतो. हे मी स्वतः चुकून शिकलो. पूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात गटाचे काम पाहताना एका वजनदार माणसाचा फोन आला आणि मी त्याच्या फडात टोळी आधी घातली. ज्यांची पाळी होती त्या बाईंचा आडसाली ऊस होता. घरात कर्ता पुरुष नाही. टोळी पोचेपर्यंत मार्च उजाडला. उसाला तुरा येऊन गेलेला, कांडी पोकळ पडलेली. वजनकाट्यावर जे टनेज आले ते पाहून बाई काही बोलल्या नाहीत. पावती पदरात बांधून त्या गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

तेव्हापासून लागणीची तारीख हीच पाळी असे मी धरून चालतो. यामुळे काही मंडळी मला 'माणुसकी नसलेला साहेब' म्हणतात, ते कानावर येते. बारशाला, लग्नाला जरूर बोलवा, पण पाळी मागू नका.

यंदाच्या लागण व खोडव्याच्या नोंदी प्रत्येक गट ऑफिसात लावतो आहोत. आपले नाव, गट नंबर व तारीख तपासा. चूक दिसली तर आठ दिवसांत लेखी कळवा. आणि शेजाऱ्याला वाचता येत नसेल तर त्याचीही नोंद पाहून या.