जुनी गाडी घेताना आधी बिलं बघा, मग मीटर

मालगुंडात विकायला निघालेली जुनी गाडी पुष्कळदा चाकरमान्याची असते. वर्षभर घराशेजारी झाकून ठेवलेली, गणपतीला आणि शिमग्याला तेवढी फिरलेली. किलोमीटर कमी, रंग चकचकीत, म्हणून किंमत चढी. अशा गाडीला मी तरी लगेच हो म्हणणार नाही. उभ्या गाडीचंही ऑइल जुनं होतं, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, टायर कडक होतात, उंदीर वायरिंग कुरतडतात. खारा वारा पत्रा खातो ते वेगळंच. त्यापेक्षा लाखभर किलोमीटर पळालेली, पण दरवर्षी सर्व्हिस झालेली गाडी भरवशाची.

सर्व्हिस बुक हरवलं असेल तर मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. तिथे काम झालं असेल तर जुनी नोंद मिळू शकते, तारखेसोबत किलोमीटरही असतात. 2019च्या बिलावर 70 हजार आणि आज मीटरवर 55 हजार दिसले, तर विषय तिथेच संपवा. गावच्या गॅरेजमधलं काम वाईट नसतं, पण क्लच, कूलंट कधी बदललं याची चिठ्ठी तरी हवी. जुन्या सॅन्ट्रोसारख्या टायमिंग बेल्टच्या गाडीत बेल्टचं बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरा आणि चार-पाच हजार किमतीतून उतरवून घ्या. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिन खोलायची वेळ येऊ शकते.

इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. आत रंगीत कूलंटऐवजी तांबूस, गढूळ पाणी दिसलं, तर साधं पाणी ओतून दिवस काढलेत असं समजा. मग एसी लावून आरे-वारेचा चढ चढा आणि तापमानाचा काटा बघा.

22 जुलै 2021च्या पुरात चिपळूणच्या कितीतरी गाड्या बुडाल्या. पुरातली गाडी धुऊनपुसून नवी दिसते, म्हणून सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ किंवा सीटखालच्या पट्ट्यांवर गंज दिसला, तर मागे फिरा.

कागद नसतील तर छोट्या पेट्रोल गाडीला साधारण असा खर्च धरा: ऑइल-फिल्टर 2 हजार, कूलंट आणि ब्रेक ऑइल तेवढंच, बॅटरी 4, टायर 12 ते 16, क्लच 6 ते 10 हजार. सगळं एकदम निघालं तर 30 हजारांच्या घरात जातं. आरसीची तारीखही बघा. 15 वर्षांनंतर नूतनीकरणाची फी 5 हजार आहे, ऑगस्ट 2025पासून 20 वर्षांपुढच्या गाडीला 10 हजार. पर्यावरण कर वेगळा.

शेवटी पाचशे-हजार रुपये देऊन आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. मालक त्याला नको म्हणाला, तर ती गाडी घेऊ नका.